भूमिगतांची एकांकिका बसवताना: ट्रान्समीटर, बंद खिडकी आणि ४८ तास

जर्मन अंमलाखालच्या युरोपवर एकांकिका करायची ठरली की हौशी संस्थेचा पहिला खर्च गणवेशांवर होतो, आणि नाटक तिथेच खाली बसतं. भाड्याचे राखाडी कोट, दंडाला लाल पट्टी, हातात लाकडी बंदूक आणि घसा ताणून ओरडणारा एक उंच मुलगा. दहा मिनिटांत शाळेच्या गॅदरिंगची कळा येते. परका अंमल रंगमंचावर दिसतो तो घड्याळातून, खिडकीतून, जिन्यावरच्या आवाजातून आणि कागदाच्या टंचाईतून. शत्रूला विंगेत ठेवा. तो एकदाही आत आला नाही तरी चालतं. बहुतेक वेळा तेच बरं असतं.

पुढचं सगळं एका खोलीत घडणाऱ्या, पाच पात्रांच्या, ४५ ते ५० मिनिटांच्या एकांकिकेला धरून लिहिलं आहे. वडोदऱ्यातल्या हौशी मराठी संस्थेच्या हाताशी जे असतं, तेवढ्यात ती उभी राहते.

संहिता कुठून आणायची

तयार नाटक घ्यायचं असेल तर आधी हक्कांचं पाहा. पॅरिसमधली थिएटरं जर्मनांच्या काळात चालू होती आणि भरतही होती. संहिता मात्र जर्मन सेन्सॉरच्या हाताखालून जायची, म्हणून नाटककार ग्रीक कथांकडे वळले. सार्त्रचं 'माश्या' ३ जून १९४३ ला आलं, शार्ल द्युलँच्या दिग्दर्शनात. ज्या थिएटरात ते झालं, त्याच्या दारावरचं प्रसिद्ध नटी सारा बर्नहार्टचं नाव ती ज्यू वंशाची म्हणून आधीच उतरवलेलं होतं. आनुईचं 'आंतिगोन' ४ फेब्रुवारी १९४४ ला 'आतलिए' थिएटरात आंद्रे बार्साकने आधुनिक कपड्यांत उभं केलं. सेन्सॉरच्या डोळ्यांदेखत पुराणातून वर्तमान कसं बोलायचं, हे मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ चं. त्यातला कीचक म्हणजे कर्झन हे सगळ्या थिएटराला कळत होतं, सरकारने बंदी घातली ती १९१० मध्ये.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतात. सार्त्र १९८० मध्ये गेला, म्हणजे २०४० अखेरपर्यंत. आनुई १९८७ मध्ये, म्हणजे २०४७ अखेरपर्यंत. आपण स्वतः भाषांतर केलं तरी परवानगी चुकत नाही. सोफोक्लीसची मूळ अँटिगनी मोकळी आहे, पण तिचं छापील मराठी भाषांतर वापरायचं तर भाषांतरकाराच्या हक्काचं आधी बघावं लागतं.

असं रूपक बसवताना नटांना एकच सक्त ताकीद द्या: दुहेरी अर्थाच्या वाक्यानंतर थांबायचं नाही, प्रेक्षकांकडे बघायचं नाही. आपल्याकडे टाळीची जागा दिसली की मान आपोआप वळते. १९४४ मध्ये प्रेक्षागारात जर्मन अधिकारी बसलेले असायचे, तिथे मान वळवणं कुणाला परवडणारं नव्हतं. वाक्य सरळ म्हणा, अर्थ खाली बसलेल्यांना काढू द्या. आणि 'आंतिगोन'मधल्या राजाला, क्रेऑनला, खलनायक करू नका. आनुईचा क्रेऑन इतका समजूतदार आहे की दोन्ही बाजूंच्या लोकांना ते नाटक आपलं वाटलं, आणि त्याची ताकद तिथेच आहे.

हक्कांची कटकट नको असेल तर रवींद्रनाथ टागोरांचं 'डाकघर' आहे. १८ जुलै १९४२ ला वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, यानुश कोर्चाकच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी ते केलं, आणि तीन आठवड्यांच्या आत ती मुलं, कोर्चाकसह, ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेली गेली. रवींद्रनाथांचं लेखन २००२ पासून भारतात मोकळं आहे. मूळ बंगालीवरून मराठी करून घ्या. सुरुवातीला तीन मिनिटांत घेट्टोची चौकट सांगा आणि मग नाटक जसं आहे तसं करा. मुलांना पट्ट्यापट्ट्यांचे छावणीचे कपडे घालायचा मोह फार होतो. ते चूक आहे: घेट्टोत लोक स्वतःच्याच कपड्यांत होते, आणि दंडावर निळा तारा असलेली पांढरी पट्टी होती.

स्वतः लिहायचं असेल तर ऑस्लोच्या नटांचा विषय जवळजवळ फुकटात उभा राहतो. मे १९४१ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या नभोवाणीवर काम करायला नकार दिला म्हणून सहा नटांचे परवाने काढून घेतले गेले, आणि बाकीच्या नटांनी संप केला. नेपथ्य काय लागतं? एक मेकअपची खोली. आरसे, बल्ब, खुर्च्या, आणि लावायचा की नाही असा प्रश्न पडलेला रंग.

पण वडोदऱ्यासाठी सगळ्यात जवळचा विषय रेडिओ ऑपरेटरचा. नूर इनायत खानचे वडील, हजरत इनायत खान, १८८२ मध्ये इथेच जन्मले. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने इथे गायनशाळा काढली. सूरसागराजवळचा विद्यापीठाचा संगीत-नाट्य विभाग त्याच परंपरेतला. नूर १ जानेवारी १९१४ ला मॉस्कोत जन्मली, पॅरिसजवळ वाढली आणि १६-१७ जून १९४३ च्या रात्री 'मॅडलीन' या नावाने ब्रिटिशांची रेडिओ ऑपरेटर म्हणून विमानाने फ्रान्समध्ये उतरली. थोड्याच दिवसांत तिच्या जाळ्यातली माणसं पटापट पकडली गेली, ती मात्र पॅरिसमध्येच राहून ऑक्टोबरपर्यंत संदेश पाठवत राहिली. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली गेली. १९४९ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हा ब्रिटिश शौर्य सन्मान मिळाला. खरं नाव वापरणार असाल तर एवढ्या चौकटीबाहेर जाऊ नका, तिच्या तोंडी टिपूचा वंश आणि तलवार यांवर भाषणं घालू नका, आणि प्रेमप्रकरण तर नकोच. नाहीतर सरळ काल्पनिक ऑपरेटर घ्या आणि नूरची हकिगत माहितीपत्रकात अर्ध्या पानात छापा. पहिल्या प्रयोगासाठी हेच सोयीचं.

४८ तासांचा सांगाडा

भूमिगत गटांत नियम असा: कुणी पकडला गेला तर त्याने ४८ तास तोंड उघडायचं नाही, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी घरं, नावं, कागद बदलायचे. एकांकिकेला यापेक्षा चांगलं घड्याळ मिळणार नाही. पडदा उघडतो तेव्हा पकडला गेल्याची बातमी येऊन ३० तास झालेले असू द्या. सगळ्यांनी निघून जायला हवं. एक जण जात नाही. का जात नाही, हेच नाटक.

पात्रं: ऑपरेटर, घरमालकीण, सायकलवरून निरोप नेणारी मुलगी, पत्रकं छापणारा आणि खालच्या मजल्यावरचा शेजारी. शेजारी कुणाच्या बाजूचा आहे ते शेवटपर्यंत कळू देऊ नका, त्याला स्वतःलाही ते नक्की माहीत नसावं. एकेकाला दोनच माणसं ओळखीची असतात, तीही टोपणनावाने, हा नियम संवादांत पाळा. त्यामुळे "तुम्हाला तर माहीतच आहे, आपला अमुक" अशी माहिती पुरवणारी वाक्यं आपोआप गळतात. ही माणसं एकमेकांना 'तुम्ही' म्हणतील. घरमालकीण एकदाच, निरोप नेणाऱ्या मुलीला, 'तू' म्हणेल. ती जागा जपून ठेवा.

मिनिटांची वाटणी साधारण अशी ठेवा: पहिली ८ मिनिटं घर आणि बातमी, पुढची १२ छपाई, शेजाऱ्याचं येणं, जाण्या-न जाण्याचा वाद, मग १० मिनिटं संदेश तयार करणं आणि एरिअलची (अँटेनाची) तार टाकणं, ७ मिनिटं प्रत्यक्ष प्रक्षेपण, उरलेली त्यानंतरची शांतता आणि शेवट. बहुतेक संहिता वादातच २५ मिनिटं घालवतात. तिथे कापा.

जर्मन अधिकाऱ्याचा आवाज दारामागून लागलाच तर तो दोन ओळी जर्मन बोलेल, भाषांतराशिवाय. त्याला हिंदी किंवा गुजराती बोलायला लावू नका. वडोदऱ्याच्या मिश्र प्रेक्षकांत एकतर हशा पिकतो किंवा भलताच अर्थ निघतो.

ट्रान्समीटरची पेटी

खरा संच एका साध्या सुटकेसमध्ये असे: ट्रान्समीटर, रिसीव्हर, वीजपुरवठ्याचा भाग, हेडफोन आणि मोर्सचे ठिपके-रेघा ठोकायची चावी. दीड फूट लांब, फूटभर रुंद, अर्धा फूट उंच, वजन १५ किलोच्या आसपास. जुन्या बाजारातून फायबरची किंवा पुठ्ठ्याची, धातूच्या कोपऱ्यांची बॅग शोधा. मोल्डेड प्लास्टिकची चालत नाही, चाकांची तर नाहीच. आत ६ मिलिमीटर प्लायचं पॅनेल, काळा मॅट रंग, जुन्या रेडिओची बटणं, दोन गोल मीटर. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे हे भंगारात पडलेलं असतं.

बॅगेत ८ ते १० किलो वाळू पिशवीत शिवून भरा आणि पिशवी तळाला स्क्रूने पट्टी मारून बांधा. रिकामी बॅग जड असल्याचा अभिनय नटाच्या खांद्यात कधीच दिसत नाही. पहिल्या एंट्रीलाच पितळ उघडं पडतं. तालमींत पहिल्या दिवसापासून भरलेलीच बॅग वापरा, नाहीतर रंगीत तालमीला जिना चढताना संवाद तुटतात.

मोर्सचा आवाज मोबाईलमधून वाजवू नका. हात आणि आवाज यांची गाठ चुकते आणि तिसऱ्या रांगेतलं पोरसुद्धा ते ओळखतं. ५५५ टायमर या छोट्या चिपचं साधं सर्किट करा. पिन ४ आणि ८ एकत्र करून ९ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकाला, पिन १ ऋण टोकाला. धन टोक आणि पिन ७ यांच्यामध्ये १ किलोओहम, पिन ७ आणि ६ मध्ये १० किलोओहम. पिन ६ आणि २ जोडून तिथून ऋण टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पिन ३ मधून १० मायक्रोफॅरड आणि १०० ओहम ओळीने लावून ८ ओहमचा छोटा स्पीकर, त्याचं दुसरं टोक ऋणाला. साधारण ६९० हर्ट्झचा सूर निघतो, म्हणजे कानाला मोर्सचा वाटतो तसाच. चावी बॅटरीच्या धन तारेत मध्ये घाला. चावीसाठी हॅकसॉ ब्लेडचा चार इंची तुकडा, दात घासून काढलेला, एका टोकाला लाकडावर स्क्रूने पक्का. दुसऱ्या टोकाखाली पितळी स्क्रू, मध्ये २ मिलिमीटर फट. फट जास्त झाली तर हात उडतो; कमी झाली तर ठिपके एकमेकांना चिकटतात. ब्लेडचा रंग जिथे स्क्रू टेकतो तिथे पॉलिश पेपरने घासा, नाहीतर ऐन प्रयोगात आवाजच येत नाही.

खऱ्या संचाचा सूर हेडफोनमध्येच ऐकू येई. खोलीत फक्त चावीची टकटक. याचा फायदा घ्या. स्पीकरच्या तारेत एक छोटा स्विच पेटीत लपवा. ऑपरेटरने हेडफोन चढवले की डाव्या हाताने तो चालू करायचा, म्हणजे तिला जे ऐकू येतं ते प्रेक्षकांनाही. हेडफोन काढले की फक्त टकटक. मोठं सभागृह असेल तर पेटीशेजारी दिव्याच्या बैठकीआड एक माइक ठेवा.

नटीला सगळी मोर्स शिकवायची गरज नाही. पाच-पाच अक्षरांचे चार गट ठरवा, एकूण २० अक्षरं. खरे संदेशही सांकेतिक करून पाच अक्षरांच्या गटांतच जात. मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने ठिपका ०.१ सेकंदाचा, रेघ त्याच्या तिप्पट, दोन अक्षरांमध्ये तीन ठिपक्यांएवढी जागा, दोन गटांमध्ये सातएवढी. चार गटांना साधारण २५ सेकंद लागतात. रंगमंचावर ते भरपूर वाटतात. हे चार गट तीनदा पाठवले तरी पुरे. रोज दहा मिनिटं, तीन आठवडे, तोंडाने 'डिट-डा' म्हणत बोटाने टेबलावर. कागदावरचे ठिपके-रेघा वाचून शिकलेला हात अडखळतो.

प्रत्येक ऑपरेटरचा 'हात' वेगळा असे आणि लंडनमधली ऐकणारी माणसं तो ओळखत. शिवाय ठरवून केलेली एक चूक ही सुरक्षेची खूण; पकडले जाऊन जबरदस्तीने पाठवावं लागलं तर ती चूक करायची नाही, म्हणजे लंडनला कळावं. हॉलंडमध्ये १९४२ मध्ये पकडलेल्या ऑपरेटरने खूण गाळली आणि लंडनने ते मनावर घेतलं नाही. त्यानंतर उतरलेली माणसं एकामागून एक थेट जर्मनांच्या हातात पडली. पहिल्या १५ मिनिटांत ही खूण प्रेक्षकांना सहज बोलता बोलता सांगून ठेवली, तर शेवटी एकाही शब्दाशिवाय नाटक फिरवता येतं: तीच टकटक, ती चूक मात्र नाही.

एरिअल म्हणून खरी तार २० मीटरच्या घरात असे. आपल्याला खिडकीपर्यंत ६-७ मीटर पुरते. सुती वेष्टणाची पांढरी तार घ्या, कपड्यांच्या दोरीसारखी बांधा आणि तिच्यावर दोन ओले टॉवेल टाका. जमिनीवरचा भाग गॅफर टेपने चिकटवा. अंधारात याच तारेवर पाय अडकतो.

वीज तोडण्याचा प्रसंग

सगळी मेहनत इथे करा. प्रक्षेपण शोधायला जर्मन आधी दूरच्या केंद्रांवरून दिशा काढत, मग गाड्या फिरत, शेवटी कोटाखाली यंत्र लपवलेली माणसं पायी येत. आणखी एक युक्ती होती: एकेका भागाची वीज तोडायची आणि संदेश कधी थांबतो ते ऐकायचं. थांबला, की तोच भाग. म्हणून ऑपरेटर बॅटरी जवळ ठेवत. २० मिनिटांहून जास्त हवेत राहणं धोक्याचं मानलं जाई. १९४३ मध्ये फ्रान्समधल्या ऑपरेटरचं आयुष्य सहा आठवड्यांचं धरत.

रंगमंचावर क्रम असा लावा. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची एक उजळ खिडकी: पुठ्ठ्यात चौकट कापून मागे बटर पेपर आणि १५ वॉटचा बल्ब. ती विझते. १२ सेकंदांनी रस्त्यावरचा दिवा. १५ सेकंदांनी दाराच्या फटीतून येणारा जिन्यातला उजेड. आठ अक्षरं अजून बाकी आहेत. तिने चावीवरचा हात न उचलता डाव्या हाताने बॅटरीचे क्लिप लावायचे, आणि खोलीतला बल्ब जातो तेव्हा टकटक चालू राहिली पाहिजे. एक ठिपकाही चुकता कामा नये. प्रेक्षकांचा श्वास त्यावर टांगलेला असतो. हे समजायला लागणारं वाक्य शेजाऱ्याच्या तोंडी आधीच येऊ द्या: "काल आमच्या बाजूचे दिवे गेले, मग तुमच्या. पाळीपाळीने घेतायत."

हा क्रम लावला नाही आणि एकदम अंधार केला, तर सभागृहात कुजबूज सुरू होते: लाइट गेली वाटतं. मागून कुणीतरी मोबाईलचा टॉर्चही लावतो. म्हणून आधी लांबचा दिवा, मग जवळचा. बाहेर जायच्या दारांवरचे दिवे मात्र चालूच ठेवायचे. सभागृहाच्या इलेक्ट्रिशियनला क्यूची यादी लेखी द्या, म्हणजे तो घाबरून हाउस लाइट लावणार नाही.

खोलीतला बल्ब फिलामेंटचा, ४० वॉटचा, डिमरवर. एलईडी बल्ब हळू उतरत नाही, पटकन मरतो. पारकॅन (डब्यासारखे स्टेजचे दिवे) एलईडी असतील तर खालच्या दहा टक्क्यांत उडी मारतात. शक्य असेल तर दोन ५०० वॉटचे हॅलोजन फ्रेनेल (मऊ कडांचा झोत देणारे दिवे) घ्या आणि २० ते २५ टक्क्यांवर चालवा, उजेड आपोआप पिवळट होतो. एकूण आठ चॅनल पुरतात. खिडक्यांना काळा कागद किंवा गडद निळा रंग, कारण ब्लॅकआऊटचा हुकूम होता. याचा अर्थ रंगमंच काळोखा ठेवा असा नाही. मधल्या रांगेतून नटाचे डोळे दिसलेच पाहिजेत. अंधारानंतर मेणबत्तीऐवजी एलईडीची मेणबत्ती, वर अंबर जिलेटीन. पेटती वात बहुतेक नाट्यगृहांत चालत नाही.

ॲमस्टरडॅममधली एक गोष्ट प्रकाशयोजनाकाराला सांगून ठेवा. तिथलं एक मोठं थिएटर १९४२ पासून ज्यूंना छावण्यांकडे धाडण्याआधी कोंडून ठेवायला वापरलं गेलं. लहान मुलं समोरच्या पाळणाघरात ठेवत. रस्त्यावरून ट्राम गेली की थिएटरसमोरच्या पहारेकऱ्याची नजर काही क्षण अडायची, आणि तेवढ्यात मूल बाहेर काढलं जायचं. जवळपास ६०० मुलं अशा वेगवेगळ्या वाटांनी वाचली. ट्रामचा उजेड दाखवायला एका प्रोफाइल दिव्यापुढून (रेखीव कडांचा झोत देणारा दिवा) आडव्या पट्ट्यांची पाटी हाताने सरकवा, सहा सेकंदांत. यांत्रिक काही करायची गरज नाही.

आवाज

चामडं मिळेनासं झाल्यावर पॅरिसमध्ये लाकडी तळव्यांचे जोडे आले. म्हणजे कुणीही गुपचूप जिना चढू शकत नाही. जुन्या सँडलला १२ मिलिमीटर प्लायचे तळवे फेव्हिकॉलने चिकटवा आणि दोन-दोन खिळे मारा. पुढचा भाग थोडा तिरका तासा, नाहीतर नट ठेचकाळतो. निरोप नेणारी मुलगी पहिल्या एंट्रीला वाजत येईल आणि शेवटच्या एंट्रीला जोडे हातात घेऊन. जर्मन बुटांसाठी विंगेत ३ फूट लाकडी फळी आणि टाचेला नाल मारलेला एकच बूट. पलटणीच्या कवायतीचं रेकॉर्डिंग लावलं की ते सिनेमाचं वाटतं. एका माणसाची पावलं, दाराशी येऊन थांबलेली, जास्त काम करतात. ही पावलं मारणारा माणूस मोबाईल बघत नसावा, एवढं पाहा.

पॅरिसमधली घड्याळं जर्मनांनी बर्लिनच्या वेळेला लावली होती, एक तास पुढे. घरमालकीण आपलं घड्याळ मुद्दाम जुन्या वेळेवर ठेवते, हा एक तपशील संहितेत घालता येतो. मात्र मग प्रक्षेपणाची वेळ सांगताना गोंधळ होऊ नये म्हणून दुसरं घड्याळ मनगटावर लागतं.

बंदूक नकोच. खरी एअरगन तर कदापि नको. बार हवाच असेल तर दोन फळ्या बिजागरीने जोडून आपटा.

पत्रकं, भाकरी, पोस्टर

छपाईसाठी सायक्लोस्टाईल मशीन मिळालं तर सोनं, नाहीतर लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून स्क्रीनची चौकट आणि रबरी स्क्वीजी आणा. शाई पाण्यात विरघळणारी घ्या. तेलाच्या शाईचा वास पुढच्या तीन रांगांना डोकेदुखी देतो आणि हात धुतले जात नाहीत. रंगमंचावर खरोखर १५-२० पत्रकं काढा. दिव्यांच्या उष्णतेने जाळी दहा मिनिटांत सुकून बंद होते, म्हणून छपाई प्रसंगाच्या शेवटाला ठेवा आणि विंगेत गेल्या गेल्या जाळी ओल्या फडक्याने पुसा. बोटांवर राहिलेली शाई हाच पुरावा: साबण रेशनवर आहे, शेजारी दार ठोठावतो आहे, आणि छापणाऱ्याचे हात काळे आहेत. तो हात पाठीमागे नेतो की खिशात घालतो, हे नटाला तालमीत शोधू द्या.

खाण्यापिण्यात फार रमू नका. पाव माणशी दिवसाला ३०० ग्रॅमच्या आसपास आणि पुढे त्याहूनही कमी मिळे, कॉफी भाजलेल्या जवाची. एकदा तराजू दाखवला की पुरे.

भिंतीवर जर्मन हुकमाचं पोस्टर हवं: फ्रेंच आणि जर्मन, दोन्ही भाषांत, काळी चौकट, २ बाय ३ फूट, मॅट कागदावर. फ्लेक्स करू नका, चकाकतो. नाझी चिन्ह टाळा. गुजरातेत दारोदारी स्वस्तिक असतं, तिथे ते लाल झेंड्यावर दिसलं की नाटकाऐवजी त्याचीच चर्चा होते, आणि जाहिरातीचा फोटो समाजमाध्यमांवरून उडतो तो वेगळाच.

नाट्यगृह नाही मिळालं तर

पोलंडमधल्या क्राकोत भूमिगत नाटकं घरांत होत. कोत्लार्चिकच्या रॅप्सोडिक थिएटरने १९४१ पासून दिवाणखान्यांत, जवळजवळ नुसत्या शब्दांवर प्रयोग केले; त्यात कारोल वोयतिवा, पुढचे पोप जॉन पॉल दुसरे, नट होते. तादेउश कांतोरने १९४४ मध्ये एका घरात 'ओडिसियसचं पुनरागमन' हे नाटक केलं. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माडीवर २५-३० माणसांसमोर ही एकांकिका नाट्यगृहापेक्षा चांगली होते. एक दिवा, खरी खिडकी, खरा लाकडी जिना. फक्त माडीची तुळई बघून घ्या, सगळ्यांना एका भिंतीकडे बसवू नका, आणि खालच्या बिऱ्हाडाला आदल्या दिवशी सांगा, नाहीतर प्रक्षेपणाच्या मधोमध कुकरची शिट्टी.

नाट्यगृहात करायची तर महात्मा गांधी नगरगृह किंवा अकोट्याचं सयाजीराव नगरगृह, पण तिथे चावीची टकटक मागच्या रांगेपर्यंत पोहोचते का ते आधी जाऊन ऐका. तारीख ठरवताना नवरात्र आणि त्याआधीचे पंधरा दिवस सोडा. निम्मी पात्रं गरब्याच्या क्लासला असतात. १४-१५ जानेवारीला माणसं गच्चीवर. डिसेंबरात लग्नाचे डीजे, म्हणून शांततेचा प्रसंग सभागृहात रात्री त्याच वेळी एकदा करून बघा. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बरा, मार्चमध्ये परीक्षा.

तालमी सहा आठवडे, आठवड्यातून चार. पहिले दोन आठवडे फक्त वाचन आणि मोर्स, तिसऱ्यापासून जड बॅग, चौथ्यात लाकडी जोडे, पाचव्यात प्रकाशाचे क्यू. रंगीत तालीम दोनदा, त्यातली एक दिवे खरंच घालवून. दुसऱ्या प्रयोगाआधी ९ व्होल्टची बॅटरी नवी घाला, जुनी अजून चालते आहे असं वाटलं तरी. ब्लेडचं टोक पुन्हा घासा, वाळूच्या पिशवीची शिवण बघा आणि समोरच्या इमारतीचा १५ वॉटचा बल्ब एक जास्तीचा खिशात ठेवा. तोच बल्ब नेहमी उडतो.